नास्तिक घड्याळजी आणि गळका नळ

घड्याळजींचा देवावर विश्वास नव्हता आणि नगरसभेच्या अध्यक्षबाईंचा घड्याळावर. सभा चारची म्हणून पुकारली की लोक चारला येत, अध्यक्षबाई सव्वाचारला येत आणि मग प्रार्थना सुरू होत. एक नव्हे, तीन. आधी मोठ्या प्रार्थनाघराचे गुरुजी, मग नदीपलीकडचे बुवा, मग गाणाऱ्या पंथाच्या ताई. एकाने दहा मिनिटं घेतली की दुसऱ्याला पंधरा लागत, आणि ताई तर पाच कडव्यांच्या खाली उतरतच नसत. सहाच्या ठोक्याला चिटणीस सभागृहाला कुलूप घालायला उभे राहत. या सगळ्यात शाळेसमोरच्या रस्त्यातला खड्डा सतरा महिने विषयपत्रिकेवर सहाव्या क्रमांकावर बसून होता, कारण सभा पाचव्या क्रमांकाच्या पुढे कधी गेलीच नव्हती.

घड्याळजी मागच्या रांगेत हातात स्टॉपवॉच घेऊन बसत. गेल्या महिन्याची त्यांची नोंद अशी होती: प्रार्थना बावन्न मिनिटं, कामकाज अडतीस मिनिटं, आणि उरलेली पंधरा मिनिटं ताईंच्या आवाजाचं कौतुक. माणसाच्या अंगाची आग होणार नाही तर काय होईल? दुसऱ्या दिवशी सकाळी ते नवा अर्ज घेऊन अध्यक्षबाईंच्या खोलीत हजर झाले.

"पुन्हा आलात?" अध्यक्षबाई म्हणाल्या.

"पुन्हा म्हणजे? चौदा अर्जांना उत्तर आलं नाही म्हणून पंधरावा आणलाय. नगरसभा रस्त्यांसाठी आहे, दिव्यांसाठी आहे, गटारांसाठी आहे. ज्याला देवाशी बोलायचं असेल त्यानं घरी जाऊन खुशाल बोलावं. सभेतल्या प्रार्थना बंद करा."

"अहो घड्याळजी, लोकांच्या श्रद्धा असतात."

"असू द्यात ना! घरी असू द्यात, प्रार्थनाघरात असू द्यात. तो खड्डा काय प्रार्थनेनं बुजणार आहे?"

अध्यक्षबाईंना खड्ड्याबद्दल बोलणं आवडत नसे. त्यांनी मान वळवली. "चिटणीस, नियम काय म्हणतो?"

चिटणीसांना नियम विचारला की त्यांचा चेहरा नुकतंच जेवण झाल्यासारखा तृप्त होई. "नियम म्हणतो, सभेचा आरंभ करण्याची संधी गावातल्या सर्व मतांना समान."

"बघा! त्या तिघांना संधी मिळते, तुम्हाला मिळत नाही. अन्याय झाला की हो तुमच्यावर." अध्यक्षबाईंचा आवाज एकदम मायेनं भरून आला. "पुढच्या सभेचा आरंभ तुम्ही करायचा. एकट्यानं. बाकीचे तिघं त्या दिवशी गप्प."

"पण मला संधी नकोय! आणि मी प्रार्थना करत नाही."

"मग जे करता ते करा."

"आणि नाही म्हटलं तर?"

"संधी दिली, घेतली नाही, अर्ज निकाली," चिटणीस म्हणाले. "सोळावा अर्ज घेतला जाणार नाही."

म्हणजे बघा, पंधरा अर्ज लिहिणाऱ्या माणसाला यांनी कसं कात्रीत पकडलं. सभेचा आरंभ करावा तर प्रार्थना म्हणणाऱ्यांच्या ओळीत उभं राहायचं, न करावा तर प्रार्थना जन्मभर चालू. घड्याळजी घरी आले ते चपला पायात ठेवूनच आत आले.

"अगं, मला सभेत प्रार्थना म्हणायला लावतायत!"

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचा देवावर विश्वास होता, पण त्यावरून नवऱ्याशी भांडण्याइतका वेळ नव्हता. "म्हणा की मग. देव काय चावतो?"

"जो नाहीच आहे तो कसा चावेल?"

"मग एवढे घाबरता कशाला?"

यावर घड्याळजींना उत्तर सुचलं नाही, आणि उत्तर सुचलं नाही की त्यांना काम सुचतं. त्यांनी ठरवलं, आरंभ करायचा, पण प्रार्थना नाही म्हणायची. भाषण करायचं! धर्म घरात का असावा, सभेत का नसावा, हे एकदा मुद्देसूद सांगून टाकलं की लोकांनाच पटेल. महिनाभर ते लिहीत बसले. अकरा पानं झाली. बायकोला वाचून दाखवली तेव्हा ती चौथ्या पानावर झोपली, पण ती सकाळपासून दमलेली होती असं त्यांनी मनाशी ठरवलं.

सभेच्या दिवशी पावणेचार वाजले तरी ते दुकानातच होते. एका बाईंचं मनगटी घड्याळ उघडं पडलं होतं आणि त्यातली केसाएवढी स्प्रिंग काही केल्या जागेवर बसत नव्हती. अखेर बसली, तेव्हा चारला पाच कमी होते. घड्याळजींनी अकरा पानं उचलली आणि धूम ठोकली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उशीर होत होता.

सभागृह खच्चून भरलं होतं. इतकी गर्दी खड्ड्यासाठी कधी जमली नव्हती, पण नास्तिक माणूस सभेचा आरंभ करणार आणि त्याच्या डोक्यावर पंखा पडणार, हे बघायला सगळे आले होते. गुरुजी, बुवा आणि ताई पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. चिटणीसांनी "सर्वांनी उभं राहावं" म्हटलं, सगळे उभे राहिले, आणि घड्याळजींनी माइकसमोर पहिलं पान धरलं.

पानावर काहीच नव्हतं. नुसता पांढरा धूर.

त्यांनी डोळे चोळायला हात वर नेला तेव्हा उलगडा झाला. नाकावर दुकानातला चष्मा होता. उजव्या काचेवर घड्याळ दुरुस्तीचं भिंग बसवलेला, चार बोटांपलीकडचं काही न दाखवणारा. वाचायचा चष्मा दुकानात, टेबलावर, त्या बाईंच्या घड्याळाशेजारी. घड्याळजींनी कागद जवळ नेला, आणखी जवळ नेला, अगदी कपाळाला टेकेपर्यंत नेला, तेव्हा एक अक्षर दिसलं. ते 'ध' होतं, आणि कलिंगडाएवढं होतं.

"कागद कपाळाला लावला," मागून कुणीतरी कुजबुजलं.

घड्याळजींनी कागद खाली ठेवला. पहिलं वाक्य आठवायचं, बास, मग पुढचं आपोआप येईल. त्यांनी डोळे मिटले. वाक्य येईना. महिनाभर घोटलेलं वाक्य, पण डोक्यात फक्त ती केसाएवढी स्प्रिंग फिरत होती. ते तसेच उभे राहिले, आणि ते उभे म्हणून सगळं सभागृह उभं राहिलं. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. कुणी खोकलं नाही. त्या सभागृहात इतकी शांतता बांधकाम झाल्यापासून कुणी ऐकली नव्हती. कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याची टाकी होती, तिचा नळ थेंबथेंब गळत होता: टप... टप... टप. आणि घड्याळजींचे कान तर घड्याळजीचे. दोन थेंबांमधलं अंतर सारखं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्या परिस्थितीतही ते वैतागले.

शेवटी त्यांनी डोळे उघडले, हात झटकले आणि म्हणाले, "नळ गळतोय. बसा. कामाला लागा."

आणि ते खाली बसले. शरमेनं त्यांचे कान लाल झाले होते. पंधरा अर्ज, अकरा पानं, आणि तोंडातून काय निघालं, तर नळ! आता पुढचा महिना पुन्हा बावन्न मिनिटांचा, हे ठरलंच.

सभा सुरू झाली. चार पंचवीसला पहिला विषय झाला, पाचला पाचवा. सव्वापाचला सतरा महिन्यांचा खड्डा मंजूर झाला, तेव्हा खड्ड्यासाठी भांडायला आलेल्या शिक्षिका चक्क रडल्या. पावणेसहाला विषयपत्रिकाच संपली. चिटणीस कुलूप हातात घेऊन वेड्यासारखे उभे होते, पंधरा मिनिटं काय करायचं त्यांना कळेना.

बाहेर पायरीवर अध्यक्षबाईंनी घड्याळजींना गाठलं. "काय केलंत हो तुम्ही! अंगावर काटा आला माझ्या."

"मी काही केलं नाही, बाई. मी चष्मा विसरलो."

"त्या शांततेत काहीतरी होतं. म्हणून तर सगळी कामं झाली."

"अहो, बावन्न मिनिटं वाचली म्हणून झाली! साधी वजाबाकी आहे!"

"हो का?" अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि वजाबाकी न करताच निघून गेल्या.

पुढच्या महिन्यात लोकांच्या आग्रहावरून घड्याळजींनाच पुन्हा बोलावलं. त्यांना आनंद झाला. या खेपेला त्यांनी वाचायचा चष्मा सकाळपासून नाकावर ठेवला आणि अकराच्या अकरा पानं खणखणीत आवाजात वाचायला घेतली. तिसऱ्या पानावर लोक चुळबुळायला लागले. पाचव्या पानावर माइक बंद पडला. आठव्या पानावर वीज गेली. नंतर कचऱ्याच्या गाडीवरून दोन सभासद हातघाईवर आले आणि सभा तहकूब झाली. भाषणाला एकोणचाळीस मिनिटं लागली होती, ही नोंद घड्याळजींनी स्वतःच केली आणि कुणाला दाखवली नाही.

"चष्मा बदलला हो यांनी," लोक हळहळत म्हणाले. "कशाला बदलायचा? तो भिंगाचा किती चांगला होता."

तिसऱ्या महिन्यात चिटणीस स्वतः दुकानात आले आणि भिंगाचा चष्मा घड्याळजींच्या नाकावर आहे याची खात्री करूनच त्यांना घेऊन गेले. घड्याळजी रागानं काही बोललेच नाहीत, दोन मिनिटं दात-ओठ खात उभे राहिले, आणि शेवटी "बसा आता!" असं खेकसले. त्या दिवशी चौदा विषय मंजूर झाले. सभेनं पंधरावा ठराव आयत्या वेळी घेतला आणि एकमतानं संमत केला: सभेतल्या तिन्ही प्रार्थना कायमच्या बंद, यापुढे आरंभ फक्त घड्याळजींचा. घड्याळजींच्या पंधराव्या अर्जावर 'मंजूर' असा शिक्का बसला.

"अभिनंदन," बायको म्हणाली. "झालं ना मनासारखं?"

"कसलं डोंबलाचं मनासारखं! धर्म गेला आणि त्याच्या जागी मी बसलो!"

"मग जरा नीट बसा. त्या शर्टाला इस्त्री केलीय."

तिचं तरी काय चुकलं म्हणा. बाजारात आता तिला लोक आधी वाट देत होते.

मग हे प्रकरण वाढतच गेलं. 'नळ गळतोय' असं घड्याळजी वैतागून म्हणाले की सगळी सभा एका आवाजात 'कामाला लागू' असं उत्तर द्यायला लागली. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. काही जण घरून कोरे कागद आणून कपाळाला लावू लागले. एक म्हाताऱ्या आजी बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ घेऊन दुकानात आल्या. घड्याळजींनी स्क्रूड्रायव्हर उचलला तर म्हणाल्या, "नको रे बाबा, उघडू नकोस. नुसता त्याच्यासमोर दोन मिनिटं उभा राहा."

"आजी, सेल संपलाय त्यातला."

"ते मला नको सांगूस. तू उभा राहा."

घड्याळजींनी आजींची पाठ वळताच सेल बदलला. आजींनी ते घड्याळ गल्लीभर फिरवून दाखवलं.

सभागृहाचा नळ दुरुस्त करायला एकदा प्लंबर आला, तर दारातच पाच-सहा जणांनी त्याला अडवलं. "नळाला हात लावायचा नाही!" प्लंबर बिचारा पान्हा घेऊन परत गेला. खाली बादली ठेवली गेली आणि बादलीतलं पाणी लोक बाटलीतून घरी नेऊ लागले. हे कळलं तेव्हा मात्र घड्याळजींचा संयम सुटला. ते तरातरा अध्यक्षबाईंकडे गेले.

"माझा आरंभ बंद करा. सभेत कुणाचंच काही नको. चारला यायचं, बसायचं, कामाला लागायचं. एवढंच मी पंधरा वेळा लिहिलं होतं!"

"अहो, असं कसं बंद करणार?" अध्यक्षबाई दुखावल्यासारख्या झाल्या. "लोकांच्या भावनांचा विचार करा जरा. तुम्ही काही एकटे नाही आता."

"पण तो नुसता नळ आहे!"

"असं बोलू नका हो," चिटणीस हळूच म्हणाले, आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

रात्रभर घड्याळजींनी विचार केला आणि सकाळी त्यांना मार्ग दिसला. एवढं सगळं उभं कशावर आहे? नळावर. नळ गळतो कशामुळे? वायसर झिजलाय म्हणून. गळणारी वस्तू दुरुस्त करायची सोडून तिच्यापुढे उभं राहायचं, हे त्यांच्या हातांनाच सहन होत नव्हतं. त्यांनी दुकानातून पान्हा घेतला, कोपऱ्यावरून अर्ध्या इंचाचा वायसर घेतला आणि सभेच्या दिवशी तीन वाजता, कुणी नसताना, सभागृहात शिरून टाकीचा कॉक बंद करून सात मिनिटांत नळ ठीक केला. थेंब थांबला. घड्याळजींनी कान लावून खात्री केली. आता दोन मिनिटं उभे राहा म्हणावं, आणि ऐका काय ऐकायचं ते! नळच गळत नाही म्हटल्यावर सगळा डोलारा आपसूक कोसळणार होता.

चार वाजता लोक उभे राहिले. घड्याळजी माइकसमोर उभे राहिले. शांतता झाली. अर्धं मिनिट गेलं आणि लोक एकमेकांकडे बघू लागले. एक मिनिट झालं तशी कुजबुज वाढली. घड्याळजींना मनातून उकळ्या फुटत होत्या. दोन मिनिटं पूर्ण झाल्यावर ते प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले, "नळ गळत नाही."

मग खड्ड्यासाठी रडलेल्या शिक्षिका पुन्हा रडल्या.

"थांबला! कुणी हात न लावता थांबला!"

"हात लावला!" घड्याळजी ओरडले. "मी लावला! वायसर बदलला मी, अर्ध्या इंचाचा!"

"श्रेय घेत नाहीत बघा," एक जण गहिवरून म्हणाला. "वायसराला देतात."

"अहो, हा बघा पान्हा!"

पान्हा दाखवायला नको होता. तो बघताबघता त्यांच्या हातातून गेला आणि या हातातून त्या हातात, कपाळाकपाळाला लागत, शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. आजी त्याला फुंकर घालून पदरानं पुसत होत्या. अध्यक्षबाईंनी पान्ह्यासाठी काचेचं कपाट करण्याचा ठराव मांडला. तो आवाजी मतदानानं संमत झाला, आणि आज दुसरं कुठलंही काम करायला मन होत नाही म्हणून सभा पावणेपाचलाच संपवण्यात आली. विषयपत्रिकेवरचे अकराही विषय तसेच राहिले.

लोक बाहेर पडले. घड्याळजी रिकाम्या खुर्च्यांच्या मधोमध बसून राहिले. त्यांना रडावंसं वाटत होतं, खरं सांगायचं तर. आयुष्यभर एकच गोष्ट मागितली होती, की या चार भिंतींत माणसांनी माणसांची कामं करावीत, आणि आज कामं करायचीसुद्धा त्यांच्यामुळेच राहिली होती.

कुणीतरी शेजारची खुर्ची ओढली. गुरुजी होते. प्रार्थना बंद झाल्यापासून ते सभेला येत, मागे बसत आणि न बोलता निघून जात. आता टोमणे मारणार, या तयारीनं घड्याळजींनी मान खाली घातली.

"वायसर रबराचा घातलात की नायलॉनचा?" गुरुजींनी विचारलं.

घड्याळजींनी मान वर केली. "रबराचा. तुमचा विश्वास आहे?"

"न ठेवायला काय झालं? नळ वायसरानंच थांबतो."

"मग तुम्ही उठून सांगितलं का नाही? तुमचं ऐकलं असतं त्यांनी!"

"नसतं ऐकलं." गुरुजींनी मागेपुढे बघितलं आणि आवाज खाली आणला. "आमच्या प्रार्थनाघराचं मोठं दार पूर्वी करकरायचं. पापी माणूस आत आला की करकरतं, असा समज होता. आणि ते सगळ्यांनाच करकरायचं, त्यामुळे लोक खिडकीतून आत यायचे. एक दिवस मी बिजागरीत तेल घातलं. दुसऱ्या दिवशी दार उघडलं, आवाज नाही. अख्खं गाव लोळण घेऊन रडलं, सगळ्यांची पापं माफ झाली म्हणून."

"तुम्ही सांगितलं नाही?"

"महिनाभर घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. तेलाची बाटलीसुद्धा दाखवली."

"मग?"

"ती आहे ना कपाटात." गुरुजींनी सुस्कारा सोडला. "तुम्ही दुकान सांभाळा बरं का, घड्याळजी. हातातलं काम सोडू नका. मी सुतार होतो हो. ते दार दुरुस्त करायला आलो होतो. एकतीस वर्षं झाली, अजून करवतीला हात लावू दिला नाही कुणी."